किल्ली कोणाकडे आहे?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसं तारकर्लीला गेलो होतो. आजऱ्याहून गवसे, आंबोली करत घाट उतरलं आणि सावंतवाडी मागे टाकली, की तीन-सव्वातीन तासांत मालवण येतं. आमच्याकडच्या लोकांना समुद्र तसा लांब नाही. सह्याद्रीच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला तो. तरी माझ्या अम्मीने वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत समुद्र नुसता पाहिला होता, त्यात पाय घातला नव्हता. कारण अगदी साधं होतं. किल्ल्या तिच्याकडे असायच्या.

किल्ल्या, पाकिटं, मोबाईल, चष्मे, चपला, सगळ्यांचे कोरडे कपडे, खाण्याची पिशवी. कुठेही पाण्याकाठी गेलो की गाडीतून उतरल्या उतरल्या अम्मी एक चटई टाकायची आणि हात पुढे करायची. "चाबी मेरेकन दे, मैं हैच इधर." मग आम्ही सगळे पाण्यात आणि ती चटईवर. अब्बा होते तेव्हाही असंच होतं. तेव्हा गाडीऐवजी स्कूटरची किल्ली असायची, एवढाच फरक.

त्या दिवशी माझ्या मुलीने हट्ट धरला की दादी पाण्यात आली पाहिजे. बहिणीने तिला हाताला धरून उठवलं. आढेवेढे घेत, सलवार घोट्यापर्यंत वर धरत अम्मी लाटेपर्यंत गेली. तिची पर्स आम्ही गाडीत ठेवली, गाडी कुलूपबंद केली आणि किल्ली मी माझ्या बर्म्युडाच्या खिशात टाकली. खिशाला चेन होती, पण तिचा रनर सुटलेला होता. हे मला माहीत होतं. लिहायला लाज वाटते, पण माहीत होतं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी आणि मुलं बनाना बोटीवर बसलो. त्या बोटवाल्याने बसण्याआधी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं की खिशातलं सगळं काढून ठेवा, शेवटी बोट उलटी करणार आहे. मी मोबाईल काढला, पाकीट काढलं, शंभर रुपयांच्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून बायकोकडे दिलं. किल्ली तशीच राहिली, कारण ती मौल्यवान वस्तू आहे असं डोक्यातच आलं नाही. बोट उलटली, आम्ही हसत-ओरडत पाण्यात पडलो, जॅकेटच्या आधाराने तरंगलो, किनाऱ्याला आलो. खिसा रिकामा होता.

किल्ली समुद्रात पडली, यात मोठं काही नाही. पैशांचा फटका बसला असता, एक दिवस वाया गेला असता, घरी जाऊन आयुष्यभर चेष्टा झाली असती. पण अम्मीला दमा आहे आणि तिचा पंप पर्समध्ये होता. पर्स गाडीत होती. किल्ली हरवल्याचं कळल्यावर घाबरून म्हणा, सवय नसलेल्या पाण्यात उभं राहून म्हणा, तिला धाप लागली. पाचेक मिनिटांत तिचे ओठ वेगळे दिसायला लागले. शेवटी शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून व्हील पाना घेऊन मी मागच्या दाराची छोटी काच फोडली. अलार्म केकाटायला लागला. लोक जमले. आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा: दाढीवाला ओला माणूस गाडीची काच फोडतोय, बाजूला बुरख्यातली एक बाई रडतेय आणि गाडी बोंबलतेय. एकाने व्हिडिओ सुरू केला. दुसऱ्याने विचारलं, गाडी कुणाची? पंप अम्मीच्या तोंडाला लावेपर्यंत मी कुणाला उत्तर दिलं नाही. मग मोबाईलमधलं आरसी बुक दाखवलं. तोवर बोटवाला धावत आला होता आणि त्याने सगळ्यांना हाकललं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याच्यासाठी दुआ करतो.

गोष्ट इथे संपत नाही. दुसरी किल्ली आजऱ्याला घरी होती, लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली अम्मीच्या जुडग्यात आणि जुडगा त्याच पर्समध्ये, म्हणजे आमच्यासोबत तारकर्लीला. चुलतभावाने स्टँडजवळच्या किल्लीवाल्याला घरी नेऊन कपाट उघडवलं आणि तो घाट उतरून रात्री नऊच्या सुमाराला पोचला. सहा तास आम्ही फुटक्या काचेच्या गाडीशेजारी बसून होतो. त्या सहा तासांत किमान चार वेळा, वेगवेगळ्या तोंडांनी, एक वाक्य बोललं गेलं: अम्मी बसली असती तर असं झालं नसतं. त्यातलं एक तोंड माझंच होतं.

या वाक्याने मला दोन वर्षं सोडलेलं नाही, म्हणून हा लेख. चुकी माझी होती. फुटक्या चेनच्या खिशात किल्ली मी ठेवली होती. पण आयुष्यात पहिल्यांदा जागेवरून उठलेल्या बाईच्या माथी आम्ही ती सहज मारली.

आधी किल्लीचं बोलू. कारण हा प्रश्न फालतू नाही आणि त्यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्न सुटलेला होता. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते आणि आजऱ्यावरून खाली गडहिंग्लजकडे जाते. रामतीर्थाजवळ ती खडकांमधून उतरते. पुढे जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, ज्यांच्या फळ्या घातल्या की मागे पाणी तुंबतं. आम्ही सगळे तिथेच शिकलो. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर रिकामा तेलाचा डबा बांधायचा आणि कुणीतरी मोठ्याने ढकलून द्यायचं. सायकलची किल्ली कुठे ठेवायची? ज्यांच्या कमरेला करदोडा होता ते करदोड्यात ओवायचे. आम्ही चड्डीच्या नाडीत ओवून दोन गाठी मारायचो. नाडी सुटली तर किल्लीच्या आधी अब्रू जायची, त्यामुळे गाठ पक्कीच असायची. आज महागड्या स्पोर्ट्स शॉर्ट्सच्या आत किल्ली अडकवायला एक छोटी पट्टी शिवलेली असते. बाहेरदेशी लाटांवर फळी घेऊन खेळणारे लोकही किल्ली दोरीत ओवून अंगाला बांधतात. म्हणजे नाडीच.

पण सायकलची किल्ली नुसतं लोखंड होतं. जुन्या मारुती 800ची किल्लीही तशीच. भिजली तर पुसायची. पुढे किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात चिप आली. या चिपेला स्वतःची बॅटरी नसते, किल्ली खोचायच्या जागेभोवती असलेल्या वेटोळ्याकडून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर किल्ली फिरते पण गाडी चालू होत नाही. ही चिप सहसा पाण्याला दाद देत नाही. घात होतो तो रिमोटचा. त्याच्यात नाण्याएवढा सेल असतो, तांब्याच्या बारीक रेघा असलेली पट्टी असते, आणि समुद्राचं पाणी या दोन्हींचा शत्रू आहे. गोड्या पाण्यात पडलेला रिमोट वाळून पुन्हा चालू होऊ शकतो. खाऱ्या पाण्यातला वाळला तरी मीठ आत राहतं, हवेतला ओलावा ओढतं आणि तांबं खात बसतं. म्हणून असा रिमोट हाती आलाच, तर बटणं दाबून पाहू नका. उघडा, सेल काढा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, सेल नवा घाला. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. तांदूळ मीठ काढत नाही. निदान आजऱ्याचा घनसाळ तरी त्यासाठी वाया घालवू नये.

आता बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या आल्यात. त्यांची 'किल्ली' खिशात असली की पुरे, गाडी तिला ओळखते. माझ्या एका मित्राला वाटलं की हे अगदी सोपं आहे: किल्ली गाडीतच ठेवायची आणि दार लावून जायचं. गाडीने दार लावूनच घेतलं नाही, कारण किल्ली आत असल्याचं तिला कळत होतं. किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातली किंवा स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये दोन-तीनदा गुंडाळली तर तिचा आवाज बाहेर येत नाही, हे खरं. या किल्लीच्या पोटात एक बारीक लोखंडी किल्ली लपवलेली असते, ती काढून दार बाहेरून लावता येतं आणि तीच एक नाडीला बांधून पाण्यात जाता येतं. भिजली तरी फिकीर नाही. परत आल्यावर तिने दार उघडताना अलार्म वाजू शकतो, आतली किल्ली डब्यातून बाहेर काढून गाडीला दाखवली की शांत होतो. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक भोक आहे. काच फोडून कुणी आत शिरला आणि डबा उघडला, तर त्याला गाडी आयतीच मिळाली. म्हणून डबा ठेवायचा तर दिसणार नाही असा, आणि ठेवताना कुणी बघत नाही ना हे पाहून.

हे शेवटचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे टायरवर, पेट्रोलच्या झाकणात, दगडाखाली, बुटात किल्ली ठेवायची पद्धत आहे. प्रत्येकाला वाटतं की ही जागा आपल्यालाच सुचली. चोर गाडीकडे बघत नसतो. तो गाडीशेजारी वाकणाऱ्या माणसाकडे बघत असतो.

पाऊच घ्यायचा असेल तर घ्या, मीही आता घेतला आहे. पण किनाऱ्यावर पोचल्यावर नको. घरी आणा, आत कागदाचा बोळा ठेवा, तोंड बंद करा आणि बादलीत अर्धा तास दाबून ठेवा. कागद ओला झाला तर पाऊच खरकटं टाकायच्या कामाला. किल्लीला तरंगणारं काहीतरी बांधा. बाजारात फोमचे गोळे मिळतात. मी पांगाऱ्याच्या लाकडाचा अंगठ्यापेक्षा जाड तुकडा तासून, भोक पाडून बांधला आहे. तोही आधी बादलीत टाकून बघितला, कारण आजच्या किल्ल्या जड असतात आणि छोटा तुकडा त्यांच्याबरोबर बुडतो. ज्या लाकडाने मला तरंगायला शिकवलं ते आता माझी किल्ली तरंगवतं, याचा थोडा अभिमानही आहे.

आणि एक रूक्ष पण कामाची गोष्ट. किल्ली हरवली तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा आणि तो कागद जपा. पुढे कधी गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच दिलीत तर शंका तुमच्यावर येते. नेहमीच्या विम्यात किल्लीचा खर्च सहसा धरलेला नसतो, त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळी जोड घ्यावी लागते. नवी किल्ली बनवताना हरवलेलीची ओळख गाडीच्या स्मरणातून पुसून घ्यायला सांगा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाण्यात वस्तू हरवणं ही माणसाची जुनी खोड आहे. शकुंतलेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडली आणि पुढचं सगळं रामायण, म्हणजे महाभारत, झालं. आपल्याकडेही एक अंगठी आहे. प्रेषितांची चांदीची मोहोर-अंगठी त्यांच्यानंतर हजरत अबू बक्र, मग हजरत उमर, मग हजरत उस्मान यांच्या बोटात होती. मदिनेत कुबाजवळ अरीस नावाच्या विहिरीच्या काठावर बसलेले असताना, बोटात फिरवता फिरवता ती हजरत उस्मान यांच्या हातून विहिरीत पडली. तीन दिवस शोधलं, विहिरीचं पाणी उपसलं, अंगठी मिळाली नाही. शकुंतलेची मासळीच्या पोटात सापडली, ही सापडलीच नाही. लहानपणी मदरशात ही गोष्ट ऐकली तेव्हा वाटायचं की एवढ्या मोठ्या माणसाच्या हातून असं कसं होईल? आता वाटत नाही. बोटातली अंगठी आणि खिशातली किल्ली यांची इतकी सवय झालेली असते की त्या आपल्याकडे दिलेल्या आहेत, हेच विसरतं.

आमच्या घरात किल्ली सांभाळायला देण्याला 'अमानत' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण आम्ही तो साखरेच्या वाटीसाठीही वापरतो. मक्का फतेह झाली त्या वर्षी, हिजरी 8, म्हणजे इसवी सन 630 मध्ये, काबागृहाची किल्ली उस्मान बिन तल्हा यांच्याकडून मागवली गेली. ती आपल्या घराण्याला मिळावी असं प्रेषितांच्या जवळच्यांनाही वाटत होतं. प्रेषितांनी ती उस्मान बिन तल्हांनाच परत दिली. ती किल्ली आजही त्याच शैबी घराण्याकडे आहे. दरवाजा सगळ्या उम्मतचा, किल्ली एका घराची. आणि हे सांभाळणं म्हणजे मान आहे.

इथे मला अडकायला होतं. काब्याची किल्ली सांभाळणं हा मान असेल, तर चटईवर बसून गाडीची किल्ली सांभाळणं काय आहे? आमच्या घरात तोही मानच असल्यासारखं बोललं जातं. "अम्मी आहे म्हणून निश्चिंत." "भाभीकडे दे, तिच्याकडून हरवत नाही." कौतुक करून माणसाला एका जागी बसवून ठेवता येतं, हे आम्हा पुरुषांना चांगलं जमतं. शैबींना कुणी विचारलं नसेल की तुम्हाला आत जावंसं वाटतं का, पण त्यांना आत जाता येतं. अम्मीला चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

परतीच्या प्रवासात, आंबोलीच्या घाटात, फुटक्या काचेतून गार वारा येत होता आणि अम्मी ओढणी लपेटून बसली होती. मी माफी मागण्यासारखं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, पाणी छान होतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, मला पोहता येतं, माहीत आहे का तुला? तिचं माहेर गडहिंग्लजकडचं, आमच्याच नदीच्या खालच्या अंगाचं. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत ती धुणं धुवायला आलेल्या बायकांबरोबर नदीवर जायची आणि कमरेला सुका भोपळा बांधून भावांच्या पुढे जायची. मग तिचं जाणं बंद झालं. ना कुणी रागावलं, ना कुणी फतवा काढला. एके दिवशी तिला सांगितलं की भावांचे कपडे सांभाळ, आणि ती काठावर बसली.

मला हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं. मला पोहायला शिकवलं चुलत्यांनी, बंधाऱ्यावर. घरात शिकवणारी होती, पण तिच्याकडे माझे कपडे होते.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय. 2016च्या 1 फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या आणि बरीचशी आपल्याच घरांतली नावं होती. त्या बातमीनंतर आमच्या मोहल्ल्यात काय निष्कर्ष निघाला? मुलींना सहलीला पाठवू नका. पोहायला शिकवा, असं म्हणणारा मला एकही भेटला नाही. समुद्राच्या ओढीपुढे पोहता येणाराही हरतो, हे मान्य आहे. पण गुडघाभर पाण्यात तोल गेल्यावर घाबरून न जाणं, पाठीवर पडून तरंगता येणं, एवढं तरी शिकवता येतं की नाही? हजरत उमर यांच्या नावाने मुलांना पोहायला शिकवण्याचा सल्ला आपल्या प्रत्येक जलशात सांगितला जातो. सांगणारा 'मुलांना' म्हणतो आणि ऐकणारे त्यातून 'मुलग्यांना' ऐकतात.

कपड्यांचा प्रश्न येतो, तोही मी टाळत नाही. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन अहेदा झनेट्टी यांनी 2004 मध्ये अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला. 2016 मध्ये फ्रान्समधल्या काही गावांनी समुद्रकिनाऱ्यावर त्यावर बंदी घातली आणि तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने ती उचलून धरली नाही. तिकडे बाईने अंग झाकलं म्हणून पाण्याबाहेर काढतात, इकडे अंग झाकता येणार नाही म्हणून पाण्यात जाऊ देत नाहीत. दोन्हीकडे बाई काठावरच. तारकर्लीला मी सलवार-कमीजमध्ये, नऊवारीत, गाऊनमध्ये पाण्यात उतरलेल्या बायका पाहिल्या आहेत आणि कुणाचं काही बिघडलेलं पाहिलं नाही. (बुरखा मात्र पाण्यात धोक्याचा आहे, पायांत गुंततो आणि जड होतो. तो काठावर काढून ठेवावा आणि पुरुषांनी सांभाळावा.) वीरधवल खाडे आमच्या कोल्हापूरचा. तो 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेला तेव्हापासून जिल्ह्यातल्या पोरांना तलावाचं वेड लागलं. त्या तलावांत बायकांची वेगळी वेळ असेल, तर आपल्या बायकांना तिथे नेऊन सोडणं एवढंच काम आपल्याला करायचं आहे.

आता पुन्हा किल्लीकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिच्याबद्दलच आहे. पाण्याकाठी किल्ली कुणाकडे असावी? आपण आजवर उत्तर दिलं, जो पाण्यात जाणार नाही त्याच्याकडे. मला वाटतं, किल्ली त्याच्याकडे असावी ज्याला गाडी चालवता येते आणि जो या घटकेला कोरडा आहे. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. अशा वेळी मिनिटं मोजावी लागतात. गाडी चालवणारा एकटाच पाण्यात असेल आणि तोच बुडत असेल, तर काठावर पिशवीत किल्ली असून उपयोग काय? आमच्या घरात त्या दिवशी गाडी येणारा मी एकटा होतो. अम्मीला, बायकोला, बहिणीला, कुणालाच येत नव्हती. चाळीस वर्षं ज्या बायकांच्या मुठीत किल्ली दिली, त्यांना ती फिरवायला आम्ही शिकवलं नव्हतं. मी काठावर असतो आणि अम्मीला जास्त झालं असतं तर मी दवाखान्यात नेलं असतं. मला काही झालं असतं तर सहा माणसं किल्ली हातात घेऊन रस्त्यावर उभी राहिली असती.

मग आळीपाळीने बसायचं. अर्धा तास तू, अर्धा तास मी. यात कुणाचा मोठेपणा जात नाही. मी सुरुवातीला चटईवर बसून पाहिलं, तेव्हा कळलं की हे काम किती कंटाळवाणं आहे. वाळू सगळीकडे शिरते, कुत्री खाण्याच्या पिशवीशी येतात, दर दहा मिनिटांनी कुणीतरी ओला हात घेऊन टॉवेल मागायला येतो आणि कुणी तुमच्याशी बोलत नाही. पहिल्याच दिवशी मी वीस मिनिटांत उठून विचारलं, झालं का तुमचं? अम्मीने हा प्रश्न कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

बोटवाल्यांकडे, दुकानदारांकडे किल्ली द्यावी का, असंही लोक विचारतात. तारकर्लीच्या त्या टपरीवर आडव्या बांबूला खिळे ठोकून पंचवीस-तीस किल्ल्या टांगलेल्या मी नंतर पाहिल्या. प्रत्येकीला गाडीचा नंबर लिहिलेला पुठ्ठा. मालकीणबाई तिथेच मासे साफ करत होत्या आणि नंबर विचारल्याशिवाय किल्ली देत नव्हत्या. अशी जागा असेल तर मी बिनदिक्कत देईन. नसेल तर देणार नाही. अल्लाहवर भरवसा ठेवून उंट मोकळा सोडू पाहणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितल्याचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, पण गाठ मारायची वेळ आली की आपल्याला भरवसाच आठवतो. एक मात्र सांगतो, त्या बांबूवर कुणाची किल्ली कुठल्या धर्माची, हे ओळखायची सोय नव्हती. त्या गर्दीत उभं राहून काच फोडताना मला जे वाटलं होतं, ते त्या टांगलेल्या किल्ल्या बघून थोडं उतरलं.

एक भाषेचं सांगतो आणि थांबतो. 'चावी' आणि अम्मीची 'चाबी', दोन्ही पोर्तुगिजांकडून आलेले शब्द. म्हणजे शब्दही समुद्रातूनच आला. माझी एक किल्ली मी त्याला परत केली, असं म्हणून मुलं अजून मला चिडवतात.

गेल्या मार्चमध्ये मुलीला लायसन्स मिळालं. दुसरी किल्ली आता कपाटात नसते, तिच्या गळ्यातल्या दोरीत असते, पांगाऱ्याच्या तुकड्यासकट. बहीण गडहिंग्लजला क्लासला जाते, रिव्हर्स घेताना अजून ओरडते. मे महिन्यात आम्ही लांब कुठे गेलो नाही, एका रविवारी सकाळी रामतीर्थाला गेलो, पाणी कमी होतं. पहिल्या पाळीला मुलगी खडकावर बसली, पंप तिच्या मांडीवर. अम्मी ओढणी कमरेला खोचून पाण्यात शिरली, कमरेपर्यंत गेली, मग एकदम पुढे झेपावली आणि आठ-दहा हात मारून थांबली. दम लागला होता, पण साधा. तिने वळून काठाकडे पाहिलं आणि पहिली हाक मारली ती अशी: "चाबी किसकेकन है गे?"

"मेरेकन है दादी," पोरगी ओरडली. "तुम तैरो."